पंचांग बघून रत्नागिरी: सोलापूरकरांसाठी चार दिवसांच्या निसर्गभटकंतीची आखणी

पहिल्यांदा रत्नागिरीला गेलो तेव्हा मे महिना होता आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावर पोचायला आम्हाला दुपारचे बारा वाजले. रस्त्यावरून खाली पाहिलं तर वाळू नावालाच उरलेली, पाणी पार वरपर्यंत चढलेलं आणि लाटा अंगावर येतील अशा फुटत होत्या. साडेतीनशे किलोमीटर आलो होतो, मुलं सोलापूरपासून शंखशिंपल्यांच्या गोष्टी करत होती. दहा मिनिटं उन्हात उभं राहून परत गाडीत बसलो.

रात्री ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाराला कशाला गेलात गं? आज पुनव ना? पाणी भरलेलंच असणार." मग खिळ्याला अडकवलेलं पंचांग काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. दाते पंचांग. आमच्या सोलापुरात निघतं तेच. जन्मभर ते मी मुहूर्त आणि एकादशी बघायला उघडलं होतं. समुद्र कधी मागे सरकेल तेही त्यातूनच कळतं, हे मला रत्नागिरीत कळलं.

त्यानंतर पाच-सहा वेळा जाऊन आले. ज्यांना देवदर्शन आणि मासे यांच्या पलीकडे रत्नागिरीचा निसर्ग बघायचाय, त्यांच्यासाठी ही आखणी.

आधी महिना ठरवा

आपल्या सुट्ट्या दिवाळी आणि मे महिन्यात, म्हणून गर्दीही तेव्हाच. जमत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो, सकाळी किनाऱ्यावर चालताना दम लागत नाही. मे महिन्यात आंबा, फणस आणि करवंदं मिळतात, पण घाम थांबत नाही. आपल्याकडे पारा बेचाळीसला गेला तरी सावलीत बसलं की बरं वाटतं. तिथे सावलीतही अंग चिकट राहतं. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना हे फार जड जातं.

ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हा वेगळाच काळ. धबधबे वाहत असतात आणि कातळावर फुलं आलेली असतात. त्या दिवसांत समुद्र लांबूनच बघायचा, पाण्यात पाय घालायचा नाही. जून-जुलैमध्ये पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जाऊ नये असं माझं मत आहे. आपल्याकडे वर्षभरात सहा-सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर चांगलं साल म्हणतो. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. त्या पावसात घाट, ओढे आणि रस्ता यांचा अंदाज आपल्या माणसाला येत नाही.

मग तिथी

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण भरते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणूनच आम्हाला बाराला वाळू दिसली नाही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी एक ते पंधराच. भरतीपासून सव्वासहा तास पुढे किंवा मागे मोजले की ओहोटीची वेळ मिळते.

हा हिशेब ढोबळ आहे. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, विशेषतः प्रतिपदा-द्वितीयेला पाणी हिशेबापेक्षा लवकर फिरतं. म्हणून तिथे पोचल्यावर एखाद्या मासेमाऱ्याला विचारून पक्कं करा किंवा मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघा. पण सोलापुरात बसून सहलीच्या तारखा ठरवायला एवढं पुरतं.

भरती किती उंच आणि ओहोटी किती खोल, हेही तिथीवरच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते आणि चढउतार कमी होतो. त्याला भांग म्हणतात. भांगात गेलात तर ओहोटीलाही खडक पुरते उघडे पडत नाहीत.

या दोन्ही गोष्टी जोडल्या की उत्तर मिळतं: सोलापूरहून प्रतिपदेला निघा. म्हणजे दुसरा आणि तिसरा दिवस द्वितीया-तृतीयेचे येतात. उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळी सात-आठच्या सुमाराला, कोवळ्या उन्हात मिळते. घरात अमावास्येला प्रवास नको म्हणणारी आज्जी असेल तर तिचंही मन राहतं.

पहिला दिवस: काळ्या मातीतून तांबड्या मातीत

रत्नागिरी ते सोलापूर हा आता सलग राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक १६६. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. पहाटे पाचला निघालात तर मिरजेच्या अलीकडेपलीकडे नाश्ता होतो आणि कोल्हापूरनंतर जेवण. घाट दिवसाउजेडी उतरायचा, हे काही झालं तरी मोडू नका. एसटीने जाणार असाल आणि थेट गाडी मिळाली नाही, तर कोल्हापूरला बदलायची.

या रस्त्याला लोक नुसता प्रवास समजतात, पण सहलीतला एक मोठा धडा इथेच आहे. आम्ही आता होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या सोबत नेतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानाकडेला थांबून एका बाटलीत चिमूटभर माती घ्यायची. तिथली माती कोळशासारखी काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. सांगोल्याच्या डाळिंबाच्या पट्ट्यात ती मुरमाड होते. कोल्हापूर ओलांडून मलकापूरकडे चढायला लागलो की तपकिरी, आणि आंबा घाटापाशी तांबडी लाल. मुलांना सांगा, खिडकीतून बघत राहा आणि माती बदलली की ओरडा. आमच्या पोरांनी एकदा चार वेळा गाडी थांबवायला लावली.

गंमत म्हणजे या सगळ्या मातीचा मूळ दगड एकच आहे: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. आपल्याकडे पाऊस कमी, त्यामुळे दगड झिजला तरी त्यातली द्रव्यं जागीच राहिली आणि चिकण काळी माती झाली. कोकणात पावसाने सिलिका आणि बाकीची विरघळणारी द्रव्यं धुवून नेली. मागे उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजलं, तांबडं झालं आणि त्याचा जांभा दगड बनला. रत्नागिरीतली घरं, कुंपणं, विहिरी ज्या चिऱ्यांनी बांधतात तो हाच. बाटल्या ओळीने मांडल्या की पाऊस जमिनीला काय करतो ते दिसतं.

आंबा घाटात उतरायच्या आधी अर्धा तास काढा. गाडी मोकळ्या जागी लावून गप्प उभं राहिलं तर दरीतून पाखरांचे आवाज येतात. नशीब असेल तर झाडावरून झाडावर झेप घेणारं शेकरू दिसतं. माकडांना खायला घालू नका. घाटात गाडी थांबली की ती अंगावर येतात, त्याला आपणच कारण आहोत.

रत्नागिरीत चार-साडेचारला पोचलात तर सामान टाकून थेट मांडवीला या. प्रतिपदेच्या संध्याकाळी पाणी उतरत असतं. इथली वाळू काळी, म्हणून गावातले लोक याला काळा समुद्र म्हणतात. रत्नदुर्ग किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरा समुद्र. ओल्या काळ्या वाळूवर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. कागदाला बारीक काळे कण केसांसारखे उभे चिकटतात. बेसॉल्टमधून सुटलेली ही जड लोहखनिजं; लाट हलके कण ओढून नेते आणि जड मागे ठेवते. कागद न गुंडाळता चुंबक लावलंत तर ते पुसता पुसता दिवस जाईल. सूर्य आपल्यापेक्षा दहाएक मिनिटं उशिरा बुडतो, तेवढा वेळ हातात जादा असतो.

दुसरा दिवस: ओहोटीची सकाळ

पहाटे उठा, चहा घ्या आणि सातच्या आत किनाऱ्यावर या. आरे-वारेला जायचं तर शिरगावमार्गे गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरा. वरच्या वळणावरून दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, एकदम दिसतात, तिथे सगळेच थांबतात. पण आपल्याला खाली, वाळू संपून खडक सुरू होतो त्या टोकाला जायचंय.

ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की परत फिरायचं. पुढे लिहिलेलं सगळं त्या दीड-दोन तासांत होतं.

आधी वाळूवरच बसा, उकिडवे. हललात की काहीच दिसत नाही. पाच मिनिटं दगडासारखं बसलं की भोवतालची भोकं जिवंत होतात. नखाएवढे खेकडे बाहेर येतात, वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्यासारखं ठेवून उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. भोकाभोवती या गोळ्यांची किरणांसारखी नक्षी पडते. किनाऱ्यावर जी रांगोळी दिसते ती कुणी काढली, हा प्रश्न माझ्या भाचीने तीन वेळा विचारला होता. बसून बघितल्यावर परत विचारला नाही.

मग खडकातली डबकी. ओहोटीत अडकलेलं हे पाणी म्हणजे समुद्राचा ताटलीत काढलेला तुकडा. कडेला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेने पाय कापतो, म्हणून अनवाणी जायचं नाही. तळाशी समुद्रफूल दिसेल: फुलासारखं उघडलेलं, पण प्राणी. स्पर्श झाला की मिटतं. चालणारा शंख दिसला तर तो गोगलगाईचा असेलच असं नाही. बऱ्याचदा रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा असतो. म्हणून शंख उचलून पिशवीत टाकू नका, एखाद्याचं घर जातं. निमुळत्या, आइस्क्रीमच्या कोनासारख्या जिवंत शंखाला हात लावायचाच नाही. त्यातल्या काही जाती विषारी डंख मारतात. दगड उलटून बघितला तर जसा होता तसा परत ठेवा; खालची बाजू उन्हात राहिली की तिथलं सगळं मरतं.

खडकांकडे जाताना परतीची वाट डोक्यात ठेवा. पाणी आधी मागच्या चरातून भरतं आणि आपण पुढे बघत असतो.

आरे-वारेला, आणि पुढे गणपतीपुळ्यालाही, पोहायला उतरू नये. हे मी फार कळकळीने लिहितेय, कारण दरवर्षी घाटावरची तरुण पोरं इथे बुडतात. आपल्याकडची पोरं विहिरीत शिकलेली, अंगात जोर असतो आणि वाटतं आपल्याला येतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं. इथे लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं आणि माणसाला आत ओढतं. हा पट्टा ओळखता येतो: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक गडद, शांत वाटणारी गल्ली. नवख्याला तीच जागा पोहायला बरी वाटते. चुकून अडकलात तर किनाऱ्याकडे झटू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या गल्लीतून बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. पाणी ओसरत असताना खाडीच्या मुखापाशी तर मुळीच उतरू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघण्याआधी बघून घ्या.

पाय भिजवायचे तर भाट्ये बरं. शहराच्या दक्षिणेला काजळी नदीचा पूल ओलांडला की लांब सरळ पुळण आणि मागे सुरूचं बन. तिथेही मुखापासून लांब, पोटरीएवढ्या पाण्यात, मुलांचा हात धरून.

दुपारी उन्हात भटकू नका. कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्यालय बघा. सकाळी डबक्यात पाहिलेल्यांची ओळख तिथे पटते, शिवाय देवमाशाचा सांगाडा आहे. संध्याकाळी थिबा पॉइंट या उंच जागेवर जा.

तिसरा दिवस: सडा आणि खाडी

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. हिवाळ्यात लोकांना तो ओसाड वाटतो. नान्नजचा माळ बघितलेल्या माणसाला मात्र सडा लवकर कळतो, कारण रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर नजर कशी ठेवायची हे त्याला ठाऊक असतं. पावसाळ्याच्या शेवटी हातभर खोल खळग्यांत पाणी साठतं आणि त्याभोवती सीतेची आसवं नावाची जांभळीनिळी इवली फुलं गालिच्यासारखी पसरतात. ही वनस्पती किडे खाते. कातळावर माती नाही, म्हणून पोषण पाण्यातल्या बारीक जिवांतून मिळवते. फोटोसाठी फुलांत बसू नका, गाडी सड्यावर घालू नका. चाकाची खूण वर्षानुवर्षं राहते.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी जांभ्यावर कोरलेली ही चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. उक्षीचा हत्ती बघायला सोपा. भोवती कठडा बांधलाय. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सतराअठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात अनेक प्राणी कोरलेत. बघायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. तिरपं ऊन पडलं की कोरलेल्या रेघेत सावली साठते आणि चित्र उठतं. बाराला गेलात तर पायाखाली हत्ती असून दिसणार नाही. रेघांवर पाय नको, खडू फिरवणं नको.

पायात बूट हवेतच. या भागात फुरसं भरपूर. लहान, मातकट, दगडाच्या फटीत बसणारा आणि अतिशय विषारी साप. दगड उचलायचा नाही, फटीत हात घालायचा नाही. चावलंच तर बांधाबांध न करता, माणसाला चालू न देता, थेट दवाखाना.

खाडीला परत ओहोटीच्या वेळीच जायचं. तृतीयेला संध्याकाळची ओहोटी अंधार पडल्यावर येते, तेव्हा सकाळी खाडी आणि चारनंतर सडा असा क्रम लावा. भाट्याच्या खाडीकडेला खारफुटी आहे. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांनी वर श्वास घेतं. ती मुळं तुडवत आत शिरू नका, काठावरूनच बघा. चिखलावर उड्या मारणारा मासा दिसेल, त्याला निवटी म्हणतात. मासा असून पाण्याबाहेर परांवर चालतो आणि डोळे वर काढून आपल्याकडे बघतो.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर कासवांची चौकशी करा. पूर्णगडाजवळच्या गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातली माणसं ती जपतात आणि पिल्लं निघाली की पहाटे किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. ठरावीक दिवस नसतो, आदल्या दिवशी विचारावं लागतं. फ्लॅश मारू नका, पिल्लू उचलून तळहातावर घेऊ नका.

चौथा दिवस: मार्लेश्वरमार्गे परत

पालीहून साखरप्याला या आणि तिथून देवरुखमार्गे मार्लेश्वर. भरपूर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. गुहेतला महादेव आणि समोर कड्यावरून पडणारा धारेश्वर धबधबा. पावसात त्याच्या पायथ्याशी उतरू नका; वर डोंगरात सर आली की खाली एकाएकी पाणी वाढतं. मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न मकर संक्रांतीला लागतं. त्याच दिवसांत आपल्याकडे सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा असतो, त्यामुळे ते बघायचं कुठल्याच सोलापूरकराला जमत नाही. दोनच्या आत तिथून निघा, म्हणजे आंबा घाट उजेडात चढता येतो.

सोबत काय घ्यायचं

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घ्याच, पण भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात. कापडात बांधून नेली तर पहिल्या रात्रीतच सादळते आणि चामड्यासारखी होते. माझ्या चुलतसासूबाईंनी चाळीस भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, त्यातल्या तीस वाया गेल्या. आपले टॉवेल माणशी दोन, कारण तिथे वाळायला दिवस लागतो. रबरी तळव्याचे जुने बूट, टोपी, भिंग, लोहचुंबक, कचऱ्याची पिशवी. पाण्याची बाटली माणशी वेगळी. घामाने किती पाणी जातं ते लक्षात येत नाही, म्हणून मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत दुपारी प्यायचंच.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालच्या बाजूने गोड्या पाण्याने धुवून घ्या. खारं पाणी आणि वाळू पत्र्यात बसली की पावसाळ्याच्या आत गंज दिसायला लागतो. बूट उन्हात वाळवायच्या आधी दोनदा खळबळा, आणि लोहचुंबक मुलांच्या दप्तरातून आठवणीने काढा.